दुसरी सही

दुसऱ्या महायुद्धातल्या सोव्हिएत छायाचित्रांत एक छायाचित्र अजरामर झालं आहे. उघड्या माळावर अर्धवट उठलेला एक अधिकारी, उजव्या हातात उंच धरलेलं पिस्तूल, मान मागे वळलेली, तोंड उघडं. मागच्या जवानांना तो ‘चला’ म्हणून हाक देतो आहे, हे सांगायला शब्द लागत नाहीत. माक्स आल्पेर्त या छायाचित्रकाराने ते १९४२च्या जुलै महिन्यात पूर्व युक्रेनमध्ये, लुहान्स्कच्या परिसरात टिपलं. पुढच्याच क्षणांत तो अधिकारी मारला गेला. ‘कोंबात पडला’ अशी आरोळी आल्पेर्तच्या कानावर आली, आणि त्याने चित्राला तेच नाव दिलं. कोंबात म्हणजे बटालियनचा कमांडर.

फोटोतला माणूस बटालियनचा कमांडर नव्हता. पुष्कळ वर्षांनी घरच्यांनी चेहरा ओळखला आणि आज सामान्यतः मान्य असलेलं नाव पुढे आलं: अलेक्सेई येर्योमेन्को, हुद्दा कनिष्ठ पोलितरुक. म्हणजे तुकडीतला राजकीय अधिकारी.

याचं रोजचं काम काय, ते पाहिलं की चक्रावून जायला होतं. जवानांना वर्तमानपत्र वाचून दाखवायचं. ज्याला लिहिता येत नाही त्याचं घरी जाणारं पत्र लिहून द्यायचं. बूट फाटके आले, सूप पातळ आलं, तर भांडायचं. पक्षाच्या सभा घ्यायच्या. कोण कुरकुरतो, कोण पळून जायच्या बेतात आहे, याचा कागद वर पाठवायचा. कमांडर काय करतो, याकडेही एक डोळा ठेवायचा. आणि गोळ्यांचा पाऊस पडत असताना सगळे जमिनीला चिकटून बसले, की आपण पहिलं उठायचं. शिक्षक, पुरोहित, कारकून, हेर आणि थोरला भाऊ यांना कोंबून एकाच गणवेशात बसवावं, तसं हे पद. जगातल्या बहुतेक सैन्यांत ही कामं चार-पाच जणांत वाटलेली असतात. काही कामं तर कुणाकडेच नसतात.

हे पद कसं जन्मलं, हे पाहायला १९१८ सालच्या रशियात जावं लागतं. बोल्शेविकांच्या हाती सत्ता आली होती, पण सैन्य नव्हतं. यादवी युद्ध तोंडावर आलेलं. कामगारांच्या उत्साहावर लढाई सुरू करता येते. तोफखाना कुठे मांडायचा, रसद कशी हलवायची, नकाशा कसा वाचायचा, ते उत्साहाने येत नाही. ते येत होतं झारच्या जुन्या अधिकाऱ्यांना. म्हणजे ज्यांच्याविरुद्ध क्रांती केली त्यांनाच. नव्या सरकारचा युद्धमंत्री ट्रॉट्स्की याने त्यांना नोकरीत घेतलं. पक्षात आरडाओरडा झाला, तरी त्याने ऐकलं नाही. यादवी संपेपर्यंत असे जवळपास ४८ हजार अधिकारी लाल सैन्यात काम करून गेले. त्यांना म्हणत ‘लष्करी तज्ज्ञ’. या नावात आदर आणि तिरस्कार सारख्याच मापाने मिसळलेला होता.

आता या माणसांवर विश्वास कसा ठेवायचा? ट्रॉट्स्कीचं उत्तर साधं आणि अघोरी होतं. एप्रिल १९१८मध्ये प्रत्येक कमांडरच्या शेजारी एक कॉमिसार, म्हणजे राजकीय अधिकारी, बसवला गेला. लढाईचा हुकूम कमांडरचा, पण त्याखाली कॉमिसारची सही नसेल तर तो हुकूमच नव्हे. या सहीचा अर्थ त्या नियमांत बारकाईने सांगितलेला आहे, आणि मला तो भाग फार रोचक वाटतो. कॉमिसारची सही म्हणजे ‘ही योजना बरोबर आहे’ असं प्रमाणपत्र नव्हतं. ती सही एवढंच सांगे, की या हुकमामागे क्रांतिद्रोहाचा हेतू नाही. योजना मूर्खपणाची वाटली तर कॉमिसारने वर कळवावं, पण अडवू नये. अडवायचं फक्त दगा दिसला तर. युद्धशास्त्र एकाकडे, हेतूची तपासणी दुसऱ्याकडे.

कल्पना अगदीच नवी नव्हती. एप्रिल १७९३मध्ये फ्रान्सच्या क्रांतिकारक सरकारचा सेनापती द्यूमुरिए ऑस्ट्रियनांना जाऊन मिळाला. जाताना, त्याला अटक करायला आलेल्या प्रतिनिधींनाच त्याने शत्रूच्या हवाली केलं. त्याच महिन्यात पॅरिसच्या कन्व्हेन्शनने प्रत्येक सैन्याबरोबर आपले प्रतिनिधी कायमचे ठेवण्याची व्यवस्था पक्की केली. आणि गड एका माणसाच्या हाती राहू नये म्हणून हवालदार, सबनीस आणि सरनोबत असे तिघे बरोबरीचे अधिकारी नेमण्याची शिवकालीन रीत सभासदाच्या बखरीत आहेच. फरक इतकाच, की गडावरचे तिघेही एकाच राजाचे चाकर होते. लाल सैन्यात कमांडर राज्याचा होता आणि कॉमिसार पक्षाचा.

भीती कोरडी नव्हती. जुलै १९१८मध्ये पूर्व आघाडीचा सरसेनापती मुराव्योव खरोखरच उलटला. सिम्बिर्स्कमध्ये त्याचं बंड एका दिवसात आटोपलं, तो मारला गेला. पुढच्याच महिन्यात कझानजवळ स्वियाझ्स्क इथे पेत्रोग्राडची एक रेजिमेंट मोर्चा सोडून, स्टीमर ताब्यात घेऊन पळायला निघाली. ट्रॉट्स्कीने तिच्या कमांडरला गोळी घालायला लावली. आणि कॉमिसारलाही. पांतेलेयेव हे त्याचं नाव. पक्षाच्या माणसाला पक्षानेच मारलं म्हणून या प्रकरणाची ओरड पुढे पुष्कळ वर्षं चालू राहिली. पण संदेश पोहोचायचा तो पोहोचला: दुसरी सही करणाऱ्याची मानही त्याच कागदाला बांधलेली आहे.

या जोडीचं सर्वांत लाडकं रूप लोकांच्या मनात राहिलं ते चापायेव आणि फुर्मानोव यांचं. वासिली चापायेव सुतारकाम करून वाढलेला, झारच्या सैन्यात शौर्यपदकं मिळवलेला, शिक्षण तोकडं. त्याला मॉस्कोच्या लष्करी अकादमीत पाठवलं, तर काही आठवड्यांत कंटाळून परत आघाडीवर निघून आला. १९१९मध्ये त्याच्या डिव्हिजनवर कॉमिसार म्हणून आला दिमित्री फुर्मानोव, विद्यापीठात शिकलेला, डायरी लिहिणारा. दोघांत भांडणं झाली, त्यांत फुर्मानोवच्या बायकोवरूनही झाली, आणि शेवटी फुर्मानोवची बदली करण्यात आली. त्यानंतर काही आठवड्यांनी, ५ सप्टेंबर १९१९ला, चापायेव मारला गेला. नवा कॉमिसारही त्याच हल्ल्यात गेला. बदलीमुळे वाचलेल्या फुर्मानोवने १९२३मध्ये कादंबरी लिहिली. १९३४मध्ये तिच्यावर चित्रपट निघाला, तो देशाने डोक्यावर घेतला आणि स्टालिनने पुन:पुन्हा पाहिला. अडाणी पण दिलदार सेनापती आणि त्याला हळूहळू वळण लावणारा शांत कॉमिसार, हा साचा तिथून पक्का झाला. पुढे रशियनांनी चापायेववर शेकडो चावट विनोद रचले. त्यांत त्याचा शागीर्द पेत्का आहे, मशीनगनवाली आन्का आहे. वळण लावणारा कॉमिसार त्यांत त्यांच्याइतका भेटत नाही. लोकांनी पद स्वीकारलं, पण प्रेम दुसऱ्यावर केलं.

दुसऱ्या सहीचा पुढचा इतिहास म्हणजे पक्षाच्या भीतीचा तापमापक आहे. १९२०च्या दशकाच्या मध्यात ट्रॉट्स्कीच्या जागी आलेल्या फ्रुंझेने ठरवलं, आता नवे कमांडर आपलेच आहेत, एकाच माणसाने हुकूम द्यावा. कॉमिसारची सही हळूहळू गळाली. मे १९३७मध्ये ती परत आली. का आली, हे तारखाच सांगतात. ३१ मे रोजी सैन्याच्या राजकीय विभागाचा प्रमुख गामार्निक याने अटक होणार हे ओळखून स्वतःला गोळी मारून घेतली, आणि ११ जूनला मार्शल तुखाचेव्स्की व इतर सेनानींवर खटला चालून त्यांना मृत्युदंड झाला. सेनापतींवरचा विश्वास शून्यावर आला तशी दुसरी सही उभी राहिली. तीन वर्षांनी फिनलंडच्या बर्फात लाल सैन्याची अब्रू गेली. दोन मालकांच्या हुकमावर लढाई होत नाही हे तिथे कळलं, आणि ऑगस्ट १९४०मध्ये सही पुन्हा रद्द झाली. जून १९४१मध्ये जर्मन घुसले. सैन्यंच्या सैन्यं वेढ्यात अडकू लागली. १६ जुलैला सही परत. ९ ऑक्टोबर १९४२ला, स्टालिनग्राडच्या ऐन धुमश्चक्रीत, ती कायमची गेली. कॉमिसार आता कमांडरचा दुय्यम झाला, राजकीय कामापुरता उपप्रमुख. या नव्या पदाला रशियन भाषेत झाम्पोलित म्हणतात. पुष्कळ कॉमिसारांना प्रशिक्षण देऊन सरळ लढाऊ कमांडर करण्यात आलं, कारण अधिकारी खरोखर कमी पडत होते.

ऐन आणीबाणीत सही रद्द करायचं धाडस स्टालिनला कुठून आलं? एक कारण क्रिमियात घडलं होतं. लेव्ह मेख्लिस हा सैन्याच्या राजकीय विभागाचा प्रमुख, स्टालिनचा जुना सचिव, १९४२च्या जानेवारीत केर्चच्या आघाडीवर प्रतिनिधी म्हणून गेला. तिथला कमांडर कोझ्लोव त्याच्यापुढे बोलेना. मेख्लिस हुकूम फिरवी, माणसं बदली करी, बचावाची भाषा करणाऱ्याला भेकड ठरवी. मे महिन्यात जर्मन सेनापती मानस्टाइनने हल्ला केला आणि दीड आठवड्यात आघाडी कोलमडली. लाखाहून जास्त सैनिक कैद झाले. मेख्लिसने वर तार केली, दोष कमांडरचा. स्टालिनचं उत्तर मासलेवाईक होतं: तुम्ही तिथे बाजूला उभे राहून बघायला गेलेले नव्हता, आणि आमच्या राखीव साठ्यात हिंडेनबर्गसारखे सेनापती नाहीत. मेख्लिसचा हुद्दा खाली आला आणि पद गेलं. पक्षनिष्ठा लढाईच्या नकाशावर चालते, या समजुतीची एवढी महाग चाचणी त्याआधी कुणी घेतली नसेल.

तरी मेख्लिस म्हणजेच कॉमिसार, असं म्हणून पुढे जाता येत नाही. शत्रूचं मत वेगळं होतं. हल्ल्याच्या आधीच, ६ जून १९४१ रोजी, जर्मन सर्वोच्च मुख्यालयाने हुकूम काढला: पकडलेल्या कॉमिसारांना युद्धकैदी मानू नये, ठार मारावं. बाहीवरच्या लाल ताऱ्यावरून, त्यातल्या सोनेरी विळ्या-हातोड्यावरून ते ओळखू येत. ब्रेस्टच्या किल्ल्याला वेढा पडल्यावर बचावाचं नेतृत्व करणाऱ्यांत येफिम फोमिन हा रेजिमेंटचा कॉमिसार होता. पकडल्यावर त्याला किल्ल्याच्या दाराशी गोळी घालण्यात आली. तो ज्यूही होता. मरणाची दोन कारणं त्याच्याकडे होती. पण या हुकमाने उलटाच परिणाम केला. शरण गेलं तरी मरायचं आहे हे कळल्यावर कॉमिसार आणि त्याच्या भोवतीची माणसं शेवटपर्यंत लढू लागली. जर्मन सेनापतींनीच तक्रार केली, आणि १९४२च्या उन्हाळ्याच्या सुमारास हुकूम स्थगित झाला.

या शौर्यावर वर्तमानपत्रांनी आणखी लेप चढवला. मॉस्कोजवळच्या दुबोसेकोवो इथे नोव्हेंबर १९४१मध्ये २८ जवानांनी रणगाड्यांचा तांडा अडवला आणि सगळे कामी आले, ही गोष्ट सोव्हिएत संघातलं मूल न् मूल ऐकत आलं. तिचा नायक पोलितरुक क्लोच्कोव. त्याच्या तोंडचं ‘मागे हटायला जागा नाही’ या अर्थाचं वाक्य शाळांच्या भिंतींवर लागलं. १९४८मध्ये लष्करी वकिलांच्या चौकशीत आढळलं, की २८ जणांची गोष्ट एका पत्रकाराने सजवलेली होती, त्यांतले काही तर जिवंत होते. चौकशीचा अहवाल कपाटात गेला आणि २०१५मध्ये अधिकृतपणे जाहीर झाला. त्या ठिकाणी लढाई झाली होती, हे खरं. क्लोच्कोव तिथे लढून मेला, हेही खरं. वाक्य कचेरीत तयार झालं.

युद्धानंतर झाम्पोलितच्या वाट्याला कंटाळा आला. प्रत्येक तुकडीत लेनिन-खोली, तिथे लेनिनचा पुतळा किंवा तसबीर, वर्तमानपत्रं, बुद्धिबळाचा पट. ठरलेल्या दिवशी राजकीय वर्ग. जवान पेंगायचे. देशाचा तेव्हाचा नेता ब्रेझ्नेव स्वतः युद्धात राजकीय अधिकारी होता, नोवोरोस्सीस्कजवळच्या ‘मालाया झेम्ल्या’ या चिमुकल्या ठाण्याशी त्याचं सैन्य संबंधित होतं. त्याच्या नावाने त्यावर आठवणींचं पुस्तक निघालं, १९८०मध्ये त्याला साहित्याचं लेनिन पारितोषिकही मिळालं. लोक एकमेकांना विचारू लागले: ‘काय हो, तुम्ही युद्धात मालाया झेम्ल्यावर होतात, की स्टालिनग्राडच्या खंदकांत लपून बसला होतात?’ त्याच्या आधीचा नेता ख्रुश्चोव हादेखील युद्धातला राजकीय माणूस; पण तो स्टालिनग्राडला होता, त्यामुळे निदान या विनोदातून सुटला.

या पेंगुळलेल्या काळातल्या दोन घटना मात्र झोप उडवतात.

पहिली पाण्याखालची. २७ ऑक्टोबर १९६२, क्यूबाचा पेचप्रसंग. अमेरिकी युद्धनौकांनी बी-५९ ही सोव्हिएत पाणबुडी हेरली आणि तिला वर आणण्यासाठी भोवती सरावाचे छोटे स्फोट केले. आत तापमान ४५ अंशांच्या वर, हवा संपत आलेली, मॉस्कोशी संपर्क नाही. आणि पाणबुडीवर एक अण्वस्त्रधारी टॉर्पेडो, हे अमेरिकनांना माहीत नाही. पाणबुडीवरच्या व्हादिम ओर्लोव या अधिकाऱ्याने पुढे सांगितल्याप्रमाणे, वैतागलेल्या कप्तान सावित्स्कीने टॉर्पेडो सज्ज करायला सांगितलं. मग त्याने दोघांशी बोलून स्वतःला आवरलं आणि पाणबुडी वर आणली. त्यांतला एक वासिली आर्खिपोव, ब्रिगेडचा मुख्य स्टाफ अधिकारी; ‘जग वाचवणारा माणूस’ म्हणून त्याच्यावर माहितीपट निघाले, मरणोत्तर पुरस्कार मिळाले. दुसरा इवान मास्लेनिकोव, पाणबुडीचा राजकीय अधिकारी. त्याचं नाव किती जणांनी ऐकलं आहे? उलट लोकप्रिय कथांत बहुतेकदा त्याला टॉर्पेडो सोडायच्या बाजूचा म्हणून रंगवतात, कारण कथेला एक माथेफिरू पक्षवाला हवाच असतो. ओर्लोवच्या सांगण्यात मात्र तो कप्तानाने सल्ला विचारलेल्या दोघांपैकी एक आहे. जगाच्या इतिहासातल्या सर्वांत महत्त्वाच्या संभाषणांपैकी एकात राजकीय अधिकारी हजर होता, आणि त्यानंतर पाणबुडी शांतपणे वर आली.

दुसरी गोष्ट मला या सगळ्या विषयातली सर्वांत अचाट वाटते. नोव्हेंबर १९७५, रिगा बंदर. ऑक्टोबर क्रांतीच्या वर्धापनदिनासाठी ‘स्तोरोझेवोय’ ही पाणबुडीविरोधी युद्धनौका दाउगावा नदीत उभी. तिचा झाम्पोलित वालेरी साब्लिन, वय ३६, नौदलातल्या घराण्यातला, मॉस्कोच्या लेनिन लष्करी-राजकीय अकादमीतून शिकून आलेला. म्हणजे या पदाची सर्वोच्च विद्या घेतलेला. त्याने ती विद्या खरी मानली, हीच सगळी भानगड. लेनिनची पुस्तकं त्याने नीट वाचली आणि भोवती पाहिलं: लाचखोरी, चापलुसी, पक्षाच्या बड्यांची वेगळी दुकानं. त्याला दिसलं की पुस्तकातला देश आणि हा देश एक नाहीत.

८ नोव्हेंबरच्या संध्याकाळी त्याने कप्तान पोतुल्नीला ‘खाली जरा गडबड आहे’ असं सांगून तळाच्या एका कक्षात नेलं आणि बाहेरून कडी लावली. खलाशांना त्याने सिनेमा पाहायला बसवलं. सिनेमा कोणता, तर आयझेन्स्टाइनचा ‘बॅटलशिप पोटेम्किन’, नौदलातल्या बंडाचा. तिकडे अधिकाऱ्यांना एकत्र करून त्यांच्यापुढे मत मांडलं, आणि पांढऱ्या-काळ्या सोंगट्या टाकून कौल घेतला. विरोधात गेलेल्यांना कोंडलं. मग खलाशांशी बोलला, आणि ते त्याच्या बाजूने उभे राहिले. का राहणार नाहीत? जहाजावरचा ध्वनिक्षेपक त्याच्या ताब्यात, सिनेमाच्या रिळांची किल्ली त्याच्याकडे, कुणाच्या घरी आई आजारी आहे आणि कुणाला प्रेयसीने सोडलं हे त्यालाच ठाऊक. बंड होऊ नये म्हणून व्यवस्थेने जी सगळी साधनं एका माणसाच्या हाती दिली होती, तीच साधनं बंडाला पुरेशी होती.

त्याला स्वीडनला पळायचं नव्हतं. लेनिनग्राडला जाऊन, क्रांतीची पहिली तोफ ज्याने डागली त्या ‘अव्रोरा’ जहाजापाशी नांगर टाकायचा आणि आकाशवाणीवरून देशाशी बोलायचं, ही योजना. एक अधिकारी दोरावरून उतरून पळाला आणि त्याने खबर दिली. सुरुवातीला कुणी विश्वास ठेवेना. एका झाम्पोलितने जहाज पळवलं, हे पटायचं तरी कसं! ९ तारखेच्या सकाळी बाल्टिक समुद्रावर हवाई दलाची याक-२८ विमानं आली, बॉम्ब पडले, जहाजाचं सुकाणू निकामी झालं. कुणीतरी कप्तानाची कडी काढली. पोतुल्नी वर आला, साब्लिनच्या पायात गोळी घातली आणि जहाज परत घेतलं. ३ ऑगस्ट १९७६ला साब्लिनला मृत्युदंड देण्यात आला. शेइन नावाच्या तरुण खलाशाला आठ वर्षांची कैद झाली. १९९४मध्ये रशियन सर्वोच्च न्यायालयाच्या लष्करी पीठाने साब्लिनची शिक्षा कमी करून दहा वर्षांवर आणली. तो गेल्याला तोवर अठरा वर्षं झाली होती.

या घटनेतून टॉम क्लॅन्सीची १९८४ची ‘द हंट फॉर रेड ऑक्टोबर’ ही कादंबरी निघाली. तिने गोष्ट नेमकी उलटी केली: तिथे कप्तान बंड करतो आणि सुरुवातीलाच राजकीय अधिकाऱ्याचा खून करतो. पाश्चात्त्य वाचकाला ते जास्त पटण्यासारखं होतं. त्या पात्राचं आडनाव पुतिन आहे. त्या काळात हे नाव वाचून कुणाच्या भुवया वर गेल्या नसतील.

चीनकडे आलं की सगळा रंग बदलतो. रशियात दुसरी सही झारच्या अधिकाऱ्यांवर पहारा म्हणून आली. चीनमध्ये ती एका फाटक्या, हरलेल्या जमावाला सैन्य करण्यासाठी आली. सप्टेंबर १९२७च्या अखेरीस उठाव फसून पळत आलेली माओची तुकडी च्यांगशी प्रांतातल्या सानवान गावी थांबली. हजाराहून कमी माणसं उरली होती, रोज काही पळत होती. माओने ज्यांना जायचं त्यांना वाटखर्च देऊन जाऊ दिलं. उरलेल्यांत प्रत्येक कंपनीत पक्षाची शाखा स्थापन केली. अधिकाऱ्याने जवानाला मारायचं नाही असा नियम केला. जवानांच्या समित्या केल्या आणि स्वयंपाकघराचा हिशेब त्यांच्यापुढे उघडा ठेवला. मला यातला हिशेबाचा भाग सर्वांत हुशारीचा वाटतो. उपाशी माणसाला तत्त्वज्ञान उशिरा कळतं. सेनापतीच्या वाडग्यातही आपल्याइतकाच भात आहे हे लगेच कळतं. दोन वर्षांनी, डिसेंबर १९२९मध्ये, फूच्येन प्रांतातल्या गुतियान इथल्या बैठकीत पक्षाने बंदुकीवर हुकूम चालवायचा, हे तत्त्व पक्कं झालं.

तिथून चिनी पद्धत वेगळीच वाढली. कमांडर आणि राजकीय कॉमिसार बरोबरीचे; मोठे निर्णय पक्षसमितीत, आणि समितीचा सचिव बहुधा कॉमिसार. लिऊ बोचेंग आणि डेंग शियाओपिंग ही जोडी घ्या. एक डोळा गमावलेला, युद्धशास्त्रात मुरलेला लिऊ कमांडर. बारा वर्षांनी लहान, बुटका, झटपट बोलणारा डेंग कॉमिसार. १९३८पासून ते एकत्र लढले आणि लोक त्यांच्या फौजेला दोघांच्या नावाने ‘लिऊ-डेंग सैन्य’ म्हणत.

चिनी कम्युनिस्टांच्या सैन्याशी मराठी माणसाचा धागा आहे. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८च्या भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेले आणि पुढे त्या सैन्याच्या आठव्या रूट आर्मीत काम करू लागले. याच सैन्यात १९३७मध्ये राष्ट्रवादी सरकारशी समझोता करताना कॉमिसारचं पद काही महिने रद्द झालं होतं. त्याविना जुन्या लष्करी खोडी डोकं वर काढतात अशी तक्रार झाली आणि त्याच ऑक्टोबरात ते परत आणलं गेलं. कोटणीस ज्या वूथाय डोंगराच्या भागात गेले, तिथला प्रमुख न्ये रोंगचेन कमांडरही होता आणि कॉमिसारही. दोन्ही सह्या एकाच हाताच्या. कोटणीस तिथल्या बेथ्यून इंटरनॅशनल पीस हॉस्पिटलचे संचालक झाले, १९४२मध्ये कम्युनिस्ट पक्षाचे सदस्य झाले आणि त्याच वर्षी ९ डिसेंबरला वारले.

चिनी यादवीत या राजकीय कामाने जे साधलं, ते कुठल्याही तोफखान्याला साधलं नसतं. पकडलेल्या राष्ट्रवादी सैनिकांना, म्हणजे बहुतेक जबरीने भरती केलेल्या गरीब शेतकऱ्यांना, एका जागी बसवून ‘आपलं दुःख सांगा’ म्हणत. एक उठून सांगे, जमीनदाराने बहीण कशी नेली. दुसरा रडू लागे. सगळं मैदान रडे. मग प्रश्न येई: हे कुणामुळे झालं? थोड्याच दिवसांत टोपीवरचं चिन्ह बदलून तीच माणसं, कधी तोच गणवेश घालून, उलट दिशेने बंदूक धरत. यात कावा किती आणि कळवळा किती? माझ्या मते दोन्ही खरे होते, आणि म्हणूनच ते चाललं. रडणारा माणूस सोंग करत नव्हता. त्याला रडायला बसवणारा मात्र पुढचं पाऊल मोजून होता.

व्हिएतनामने तर सैन्याच्या नावातच हे काम घातलं. २२ डिसेंबर १९४४ रोजी जंगलात वो न्ग्वेन झ्यापने जी पहिली तुकडी उभी केली, तिच्यात ३४ माणसं होती आणि तिचं नाव ‘व्हिएतनाम मुक्तिसेना प्रचार तुकडी’ असं होतं. आधी प्रचार, मग बंदूक. २०२४मध्ये व्हिएतनामचे राष्ट्राध्यक्ष झालेले लुओंग कुओंग हे त्याआधी सैन्याच्या राजकीय विभागाचे प्रमुख होते.

रशियात १९९१च्या ऑगस्टमधला कट फसल्यावर पक्षाबरोबर राजकीय विभागही गेला. २०१८मध्ये पुतिन सरकारने लष्करी-राजकीय मुख्य संचालनालय पुन्हा उभारलं. आता तिथे शिकवायला कम्युनिझम नाही; देशभक्ती, इतिहास, धर्म असं मिश्रण आहे. पक्ष गेला, तत्त्वज्ञान गेलं, पद मात्र उरलं.

चीनमध्ये शी जिनपिंग यांनी २०१४मध्ये सगळ्या बड्या सेनानींना पुन्हा त्याच गुतियानला नेलं आणि राजकीय कामावर बैठक घेतली. २०१६मध्ये जुना सर्वसाधारण राजकीय विभाग मोडून नवा केला. त्या नव्या विभागाचे प्रमुख, ॲडमिरल म्याव ह्वा, यांना नोव्हेंबर २०२४मध्ये निलंबित करण्यात आलं आणि ऑक्टोबर २०२५मध्ये पक्षातून काढण्यात आलं. कमांडरवर लक्ष ठेवणारी सगळी यंत्रणा ज्याच्या हाती होती, त्याच्यावरच लक्ष ठेवायची वेळ आली. याची तयारी शी यांनी आधीच केली होती: सैन्यातला शिस्त-तपासणी आयोग त्यांनी राजकीय विभागातून वेगळा काढून थेट केंद्रीय लष्करी आयोगाखाली आणला होता. या तिसऱ्या सहीचे प्रमुख चांग शेंगमिन. म्याव यांची हकालपट्टी जाहीर झाल्यानंतर आठवडाभरातच त्यांना केंद्रीय लष्करी आयोगाचं उपाध्यक्षपद मिळालं. ते स्वतःही कारकिर्दीने राजकीय अधिकारीच आहेत.